दोन जिवांची

बाणेरच्या शोरूममध्ये थंडी जरा जास्तच.
निनाद कुडले, वय असेल चोवीस,
पांढऱ्या गाडीभोवती फिरत समजावतोय :
बॅटरीही आहे, इंजिनही आहे,
रात्री घरी प्लग लावायचा, शहरात पेट्रोलचा थेंब नको,
लांब जायचं तर इंजिन आहेच.
बाबा ऐकतात. नाना पेठेत छत्तीस वर्षं
बॉनेटमध्ये डोकं घालून उभा राहिलेला माणूस
हात मागे बांधून म्हणतो,
'म्हणजे दोन जिवांची आहे म्हणा.'
निनादला कळत नाही. मला हसू आवरत नाही.

दार आपोआप सरकतं.
शार्दूल ते चार वेळा उघडतो, चार वेळा मिटतो;
फ्लॅटची चावी मिळाली तेव्हाही
असाच कुलपाशी खेळत होता.
मी वही काढते.
बॅटरीवर पंच्याऐंशी किलोमीटर, कागदावर.
हिंजवडी जाऊन-येऊन बत्तीस.
सिग्नलला एसी चालू ठेवला तर त्यातले किती गेले?
निनाद म्हणतो, विचारून सांगतो मॅडम.
किंमत मी लिहीत नाही.
लिहायला गेलं की अक्षर बिघडतं.

मधल्या खुर्च्या विमानातल्यासारख्या.
बाबा बसले, पण टेकले नाहीत.
पाय उचलणारं बटण अन्वयने दाबलं
तेव्हा दचकून आधी चपला काढल्या त्यांनी.

'चालू केली का?' त्यांनी विचारलं,
तोवर आम्ही पाषाणच्या सिग्नलला पोचलो होतो.
गल्लीच्या तोंडाशी आलेल्या गाडीचा
कुठला टॅपेट वाजतोय हे आतून सांगणारे कान
चांदणी चौक ओलांडला तरी रिकामेच.
त्यांनी काच खाली केली, वर केली.
शेजारून गेलेल्या एका डंपरकडे
ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

पिरंगुटच्या घाटात निनाद म्हणाला, 'आता दाबा सर.'
शार्दूलने दाबलं,
आणि पायाखाली कुठेतरी खोल
एक घरघर जागी झाली.
बाबांनी वाकून तळहात खाली टेकवला.
अन्वयच्या वेळी आई माझ्या पोटावर हात ठेवायची
आणि हे उंबऱ्यापलीकडूनच विचारायचे,
हालतंय का?
'हं,' म्हणाले. 'हाललं.'
मग पहिल्यांदा पाठ टेकली.

सात जागा. आम्ही चौघं.
भाऊ श्टुटगार्टहून येतो तीन वर्षांतून एकदा,
तेही विमानतळावरून टॅक्सीने,
तुम्ही कशाला दमता म्हणत.
तरी मी मागच्या रांगेत जाऊन बसले.
गुडघे हनुवटीजवळ. कप ठेवायला दोन खड्डे.
काच उघडत नाही.
आईला महाबळेश्वरचं तिसरं वळण सोसायचं नाही,
रुमालात लिंबू, तोंड खिडकीबाहेर.
ती इथे कुठे बसली असती?
वहीत लिहिलं : मागची काच उघडत नाही.
खाली दोन रेघा मारल्या.
निनादने विचारलं, 'मागे नेहमी कोण बसणार मॅडम?'
मी म्हटलं, बघू.

संध्याकाळी सोसायटीच्या तळघरात टेप घेऊन उतरलो.
चार्जिंग पॉइंटचा विषय पुढच्या सभेत,
कर्णिकबाईंचा निरोप, मागच्याही सभेत हाच होता.
गाडीची उंची एकशे त्र्याण्णव.
उतारावरचा बीम एकशे चौऱ्याण्णव.
बाबांनी पुन्हा मोजलं, शार्दूलचा त्यांच्यावर भरवसा नाही
म्हणून नव्हे, त्यांचा टेपवर नाही म्हणून.
मग फॅनबेल्टने नेलेलं उजव्या हाताचं अर्धं बोट
बीमखाली आडवं धरून बघितलं.
'जाईल,' म्हणाले, 'टायरात हवा दोन पाउंड कमी ठेवायची.'
चाळीस-पंचेचाळीस लाख पुढे सरकवायचे
आणि वर हे.
शार्दूल फोनमध्ये हप्ता काढत होता, तिसऱ्यांदा.

वॉचमन टॉर्च घेऊन आला. 'गाडी घेतली का? कधी येणार?'
आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.
बाबा टेप गुंडाळत म्हणाले,
'दिवस भरू देत की.'